बंदगीतला ‘ग’

ग्रँट रोडच्या एका जुन्या इमारतीत रद्दीत निघालेली पुस्तकं पाहायला गेलो होतो. दार उघडणाऱ्या पारशी आजींनी मला खुर्ची दाखवली, ‘बे मिनिट बेस डीकरा, बंदगी करी लेउं’ म्हणाल्या आणि दिव्याकडे तोंड करून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. सदऱ्यावरची कुस्ती त्यांनी सोडली. लोकरीचा तो पांढरा गोफ दोन्ही हातांत ताणून धरला, पुटपुटता पुटपुटता मध्येच त्याची टोकं झटकली, मग कमरेला तीन वेढे दिले. एक गाठ पुढे, एक मागे. मागची गाठ न बघता मारताना त्यांची बोटं तरुण मुलीसारखी चालत होती.

पुस्तकांत काही राम नव्हता. मी घरी घेऊन आलो तो ‘बंदगी’ हा शब्द.

तोवर माझ्या डोक्यात बंदगी म्हणजे दर्ग्याबाहेरची बंदगी, कव्वालीतली बंदगी. थोडक्यात, मुसलमानी शब्द. आणि साधासुधा नव्हे, इस्लामचा कणाच. माणूस जन्माला का आला, या प्रश्नाला कुराणात एकाहून जास्त उत्तरं आहेत. दुसऱ्या सूऱ्यात माणूस पृथ्वीवरचा खलीफा ठरतो. तेहतिसाव्यात आकाश, पृथ्वी आणि डोंगरांनी नाकारलेली अमानत तो अंगावर घेतो. पण मौलवींपासून आजीबाईंपर्यंत सगळे पहिल्यांदा बोट ठेवतात ते एक्कावन्नाव्या सूऱ्यातल्या छप्पन्नाव्या आयतीवर. जिन्न आणि माणूस यांना घडवलं ते इबादतीसाठीच, अशा आशयाची ती आयत. ही ‘इबादत’ आपल्याकडे पोचली ती ‘बंदगी’चा अंगरखा घालून. मग तो अंगरखा ग्रँट रोडच्या आजींच्या अंगावर कसा?

सोपं उत्तर असं की पारशांनी तो मुसलमानांच्या फारसीतून उचलला. मलाही पहिले काही दिवस तेच पटलं होतं. मग त्या ‘ग’ने घात केला.

‘बंदा’ला भाववाचक ‘ई’ लावली तर ‘बंदाई’ व्हावी, फार तर ‘बंदी’. मध्ये ‘ग’ कुठून टपकला? हाच ‘ग’ जिंदा-जिंदगीत आहे, ताजा-ताजगीत आहे, दिवाना-दिवानगीत आहे. गंमत अशी की तो टपकलेला नाही, उरलेला आहे. इस्लामपूर्व इराणातल्या पहलवी भाषेत हे शब्द ‘बंदग’, ‘जिंदग’, ‘ताजग’ असे होते. पुढच्या फारसीत शेवटचा ‘ग’ गळाला आणि ‘बंदा’ उरला. पण मागे प्रत्यय लागला की तो आडोशाला वाचला : अनेकवचनात ‘बंदगान’, भाववाचकात ‘बंदगी’. (म्हणून मराठीतली ‘नाराजी’ बरोबर आणि हिंदीतली ‘नाराजगी’ चूक. ‘नाराज’ला कधी ‘ग’ नव्हताच. एवढ्या एका बाबतीत तरी आपण फारसीशी हिंदीवाल्यांपेक्षा इमानदार आहोत.) शायरांनी जिंदगी आणि बंदगी यांचं यमक जुळवून जुळवून गुळगुळीत केलंय. ते यमक जमतं याचं कारण अध्यात्मात नसून या मेलेल्या ‘ग’मध्ये आहे.

म्हणजे शब्द इस्लामहून जुना. किती जुना? पहलवीच्या मागे जुनी फारसी, आणि तिथे हा ‘ग’ ‘क’ असतो. पश्चिम इराणात केर्मानशाहजवळ बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूने, म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या दरायसने, इ.स.पू. ५२०च्या सुमारास आपल्या विजयांची कथा तीन भाषांत कोरवली. तिच्यात तो पुन्हापुन्हा म्हणतो की अमुक माझा ‘बंदक’, तमुक माझा ‘बंदक’. धातू ‘बंद्’, बांधणे. आपल्या ‘बंध्’चा सख्खा भाऊ. हा ‘बंदक’ संस्कृतात आला असता तर ‘बंधक’ झाला असता, आणि तो शब्द आपल्या कोर्टकचेरीत आजही नांदतो आहे.

इथे विद्वानांची कुस्ती लागते. कमरेची नव्हे, आखाड्यातली. बंदक म्हणजे गुलाम की शपथेने बांधलेला सरदार? त्याच कड्यावरच्या बाबिलोनी मजकुरात या शब्दाच्या जागी चाकर-गुलामाचा शब्द घातला आहे. ग्रीकांनीही तसंच वाचलं आणि इराणात एक राजा, बाकी सगळे गुलाम, अशी कुचेष्टा पुढे चालवली. पण दारयवहू ज्यांना बंदक म्हणतो त्यांत विदर्ण आहे. हा विदर्ण राज्य मिळवून देणाऱ्या सात जणांच्या कटातला एक. असल्या माणसाला कोणी कड्यावर ‘माझा गुलाम’ म्हणून कोरतं का? स्वीडिश पंडित विडेनग्रेन याने तर बंदक म्हणजे पट्टा बांधलेला, धन्याच्या चाकरीची खूण कमरेला मिरवणारा, असा तर्क लढवला. बऱ्याच जणांना तो ओढूनताणून वाटतो. मी ग्रँट रोडला जाऊन आलेलो असल्यामुळे मला तो फार आवडतो. नवव्या शतकातले जरथुश्त्री धर्माचार्य पहलवीत लिहिताना कुस्तीचा अर्थ लावतात तो देवाच्या चाकरीची खूण असाच. बहात्तर धाग्यांचा पट्टा, तीन वेढे, दोन गाठी, आणि बांधून घेतलेला माणूस तो बंदा. आजींनी मला बसवून जे केलं त्यात शब्द आणि वस्तू एकाच जागी होती.

आता अरबीकडे वळतो, कारण इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. ‘इबादत’ निघते ‘अब्द’वरून. अब्द म्हणजे दास. मग दास या अर्थाच्या मुळाशी कोणतं चित्र? अरबी कोशकारांना एक चित्र फार लाडकं आहे : पावलांनी तुडवून तुडवून सपाट झालेली वाट. तशा वाटेला त्याच धातूतून विशेषण आहे. म्हणजे अब्द तो मऊ झालेला, मी-पण झिजलेला. प्रवचनाला हे सुंदर आहे, आणि म्हणूनच मला संशय येतो. १००४ साली वारलेला इब्न फारिस हा चोख माणूस. तो म्हणतो की या धातूला दोन बुडं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत, एक नरमाईचं आणि दुसरं कडकपणाचं. याच धातूत चीड येणे, तिटकारणे असाही अर्थ आहे, आणि कुराणातल्या एका आयतीचा अर्थ काही भाष्यकारांनी त्या बाजूनेही लावून पाहिला आहे. तुडवलेल्या वाटेतून चीड कशी उगवणार?

मला शेजारघरी डोकावणं जास्त पटतं. हिब्रूत हाच धातू ‘एवेद’ म्हणजे दास आणि ‘अवोदा’ म्हणजे काम असे शब्द देतो. शेतातलं कामही अवोदा आणि मंदिरातली सेवाही अवोदाच. अरामीत तर तो साधा ‘करणे’ या अर्थाने वापरात आहे. म्हणजे आधी काम, कामातून कामकरी, कामकऱ्यातून दास, दासातून भक्त. वाट बहुधा नंतर तुडवली गेली.

हे मान्य केलं तर भाषांतरात काय घडलं ते पाहा. सेमिटिक शब्दाच्या बुडाशी राबणारा हात होता. इराणी शब्दाच्या बुडाशी गाठ आहे. अरबी ‘अब्द’चा फारसी ‘बंदा’ झाला आणि माणसाच्या जन्माचं प्रयोजन कामावरून बंधनावर सरकलं. कोणी मुद्दाम सरकवलं असं नाही. शब्द आपल्याबरोबर आपलं घर घेऊन येतात.

यावर तुम्ही विचाराल की फारसीत पूजेला दुसरा शब्द नव्हता का. होता, आणि चांगला दणकट होता : ‘परस्तीदन’. ‘परि’ आणि ‘स्था’, भोवती उभं राहणं. आपल्या ‘परिस्थिती’चेच दोन अवयव. इराणात आज नर्सला ‘परस्तार’ म्हणतात, खाटेभोवती उभी राहणारी. दहाव्या शतकात बुखाऱ्याच्या सामानी दरबारात राजा मन्सूर बिन नूहने मावराउन्नहरच्या, म्हणजे त्या मुलखाच्या, उलेमांना गोळा करून कुराण फारसीत आणण्याची परवानगी काढली. तेव्हापासून भाषांतरकारांसमोर हे दोन्ही शब्द होते, आणि परस्तीदन त्यांनी भरपूर वापरलाही. ‘खुदापरस्त’ आजही चालतो. पण ‘परस्त’ला वाईट संगत लागली होती. आतशपरस्त, बुतपरस्त : विस्तवाभोवती उभा राहणारा, मूर्तीभोवती उभा राहणारा. शिवाय अब्दमध्ये दास आणि भक्त एकाच देहात राहतात. परस्तमध्ये फक्त भक्त आहे, दास नाही. दोन्हीला पुरून उरणारा फारसी शब्द एकच, ‘बंदा’. मौज म्हणजे विस्तवाची संगत टाळून जो उचलला तो अग्निपूजकांच्या कमरेचा शब्द.

पुरावा? नावं. अब्दुल्ला, म्हणजे अल्लाचा दास, याचं फारसी करायचं तर ‘खुदाबंदा’. १३०४ ते १३१६ इराणवर राज्य करणारा मंगोल इलखान उल्जायतू हे नाव लावत असे. पण त्याचं आधीचं नाव होतं ‘खरबंदा’. खर म्हणजे आपल्याच संस्कृतातला खर, गाढव. इब्न बतूता खुलासा करतो की तातारांत मूल जन्मल्यावर घरात पहिल्यांदा येईल त्याचं नाव ठेवतात, आणि त्या दिवशी नेमका गाढववाला आला. एक ‘र’ आणि एक ‘दा’ यांच्या अंतराने माणूस गाढवांच्या चाकरीतून देवाच्या चाकरीत गेला. सुलतानियाला त्याच्या कबरीवरचा निळा घुमट अजून उभा आहे. काम आणि बंधन यांच्या माझ्या वादात हा गाढववाला जरा पंचाईत करतो, कारण तो बांधलेला नाही, चांगला राबतो आहे. असो. चौदाव्या शतकात ‘बंदा’तली गाठ कोणाच्या डोळ्यांसमोर असेल असंही नाही.

दख्खनला हा शब्द कधी आला याची तारीख सांगता येत नाही, पण ठळक खुणा आहेत. दौलताबादेत बालपण काढलेला आणि पुढे गुलबर्ग्यात १४२२ साली, शंभरी ओलांडून, देह ठेवलेला सूफी लोकांच्या तोंडी ‘बंदानवाज’ झाला, बंद्यांवर मेहेर करणारा. त्याच्या वडिलांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. आणि १७०८ साली नांदेडला गोदावरीच्या काठी माधोदास बैरागी गुरू गोविंदसिंगांसमोर ‘मी तुमचा बंदा’ म्हणाला आणि बंदासिंग बहादूर झाला, असं शीख परंपरा सांगते. एका बैराग्याने शीख गुरूला दिलेला हा शब्द आहे. अरबी, इराणी, जरथुश्त्री, इस्लामी असली सगळी लेबलं त्या घाटावर गळून पडलेली दिसतात.

आमच्या एका हिंदी शिकवणाऱ्या स्नेह्यांचं म्हणणं वेगळंच आहे. बंदगी म्हणजे वंदनाच, ‘व’चा ‘ब’ झाला, कशाला इराणला जाता? विदर्भ-छत्तीसगडकडचे कबीरपंथी भेटल्यावर ‘साहेब बंदगी’ म्हणून हात जोडतात, तो त्यांचा हुकमी एक्का. मान्य आहे, ते हात वंदनेचेच आहेत. पण मुळातला ‘ब’ बेहिस्तूनच्या कड्यावर अडीच हजार वर्षांपूर्वी ‘ब’च आहे, आणि जुनी फारसी ‘व’ला ‘व’ लिहायला लाजत नव्हती. शिवाय वंदनेतून ‘ग’ काढून दाखवावा. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा चहा आला.

उरला बंदा रुपया. मोड न केलेला, अख्खा, खणखणीत. पूर्वी बसमध्ये दहाची नोट पुढे केली की कंडक्टर कातावायचा, ‘बंदे नकोत, सुट्टे काढा.’ हा बंदा कुठला? बरीच वर्षं मी त्याला फारसी बंद्याचा भाऊबंद समजत होतो : इमानी चाकर, म्हणून खोट नसलेलं नाणं. आता तसं वाटत नाही. हिंदीत ‘बँधा नोट’ म्हणतात आणि त्याच्या उलट ‘खुला’. सुट्टे म्हणजे सुटलेले, बंदे म्हणजे बांधलेले. हा आपल्या घरचा ‘बांधा’ आहे, ‘ध’चा श्वास मराठीत येता येता गेलेला. म्हणजे इराणी बंद्याचा तो भाऊ नव्हे, चुलत भाऊ. दोघांच्या पिढ्या हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आणि परत भेटल्या त्या बेस्टच्या बसमध्ये, ‘बंदा आज पायीच जाणार’ म्हणत उतरणाऱ्या एखाद्या उतारूच्या तोंडी.

हे सगळं आजींना सांगायला मी परत गेलो. त्यांनी मावा केक पुढे केला आणि शेवटी एवढंच विचारलं की त्या दगडावर अक्षरं नक्की काय आहेत. मी कागदावर काढून दाखवली. तिथे ‘बंदक’ असं लिहिलेलंच नाही. जुन्या फारसीच्या लिपीत व्यंजनाआधीचा ‘न’ लिहीत नसत, त्यामुळे कड्यावर आहेत ती अक्षरं तीन : ब, द, क. मधली गाठ, म्हणजे अनुस्वार, पंडितांनी पुढच्या फारसीवरून आणि आपल्या ‘बंध्’वरून घातलेली आहे. आजींनी चष्मा वर करून कागद जवळ घेतला आणि म्हणाल्या, ‘तो पछी गाठ तो तमे मारी ने!’