‘वैद्यजीवन’: जुन्या ग्रंथातला काढा आणि आजचा ताप

पावसाळ्यात भिवंडीत तापाचे रुग्ण वाढतात. त्यातले बरेच जण दोन-तीन दिवस घरी काढा घेऊन मगच दवाखान्यात येतात. ‘काढा ग्रंथातला आहे, मग चालेल ना?’ असे तुम्हीही विचारले असेल. अशा एका ग्रंथाची ही माहिती.

ग्रंथ कोणता?
माळशेज घाटापलीकडच्या जुन्नरचे वैद्यकवी लोलिंबराज यांनी इ. स. १६०० च्या सुमारास ‘वैद्यजीवन’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात पाच विलास, म्हणजे प्रकरणे आहेत. पहिला विलास तापावरच आहे. औषधे श्लोकांत, पत्नी रत्नकलेला उद्देशून सांगितली असल्याने ती पाठ करायला सोपी जातात.

आज त्याचे स्थान काय?
औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथांची यादी आहे. त्यात ‘वैद्यजीवन’ आहे. मात्र ग्रंथ यादीत आहे म्हणून त्यातला प्रत्येक काढा मलेरिया किंवा डेंग्यूवर तपासून सिद्ध झाला आहे, असा अर्थ होत नाही. मलेरियाचा परजीवी १८८० मध्ये पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्याआधीच्या वैद्यांना रक्त तपासून तापाचे कारण शोधणे शक्यच नव्हते.

मग जुने ग्रंथ निरुपयोगी का?
मुळीच नाही. चौथ्या शतकातले चिनी वैद्य गे होंग यांनी तातडीच्या औषधयोगांचा संग्रह केला. थंडीतापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे त्यात आहे. त्यावरून संशोधक तू यूयू यांना वाटले की उकळल्याने औषधाचा गुण जात असावा. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला आणि तो उंदरांच्या मलेरियावर लागू पडला. पुढे माणसांवर चाचण्या होऊन मात्रा ठरली. हेच आर्टेमिसिनिन. २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळाले. फॅल्सिपेरम मलेरियात आज याच गटातली औषधे, दुसऱ्या औषधाच्या जोडीने, दिली जातात. ग्रंथाने दिशा दाखवली. औषध चाचण्यांनंतर तयार झाले.

ताप आल्यावर काय कराल?
- पहिल्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.
- काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नाही. तरी कावीळ दिसली तर काढा थांबवा आणि तपासून घ्या.
- तापात आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. डेंग्यू असल्यास रक्तस्राव वाढू शकतो.
- पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, रक्तस्राव, धाप, लघवी कमी होणे किंवा गुंगी, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.