दीर्घ दुष्काळात वनवृक्ष पाणी कसे वापरतात

वाराणसीच्या जुन्या शहरातील दूधविनायक, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून नांदत आहेत. त्यांच्या धार्मिक व्यवहारात पळसाची पत्रावळ, बेलाचे पान, खैराची समिधा यांना आजही स्थान आहे. हे सर्व वृक्ष शुष्क पानझडी वनातले. असे वन वाराणसीपासून फार दूर नाही. गंगेच्या दक्षिणेस चंदौली, मिर्झापूर आणि सोनभद्र या जिल्ह्यांत विंध्याचे पठार पसरलेले असून चंद्रप्रभा आणि कैमूर ही अभयारण्ये याच पट्ट्यात आहेत. मेळघाट, पेंच आणि ताडोबा येथील वनांशी या वनाचे जवळचे नाते आहे. मोह, सालई, धावडा, ऐन, टेंभुर्णी, चारोळी हे वृक्ष दोन्हीकडे आढळतात.

या वनांना कोरडेपणा नवा नाही. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. तरीही हे वृक्ष शतकानुशतके टिकून आहेत. मग दुष्काळात ते का मरतात, आणि सर्वच का मरत नाहीत? या प्रश्नांचे उत्तर वृक्ष पाणी कसे साठवतो आणि कसे खर्च करतो, यात दडलेले आहे.

पाण्याची दोरी

वृक्षाकडे पाणी वर चढविणारा पंप नसतो. पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे निर्माण होणारा ताण खोडातील काष्ठवाहिन्यांमधून थेट मुळांपर्यंत पोहोचतो आणि पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी १८९४ साली ही कल्पना मांडली. तिच्या मूळ गाभ्याला आज सर्वसाधारण मान्यता आहे.

जमिनीतील ओल कमी झाली की ही दोरी अधिकाधिक ताणली जाते. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो, पाण्याचा स्तंभ तुटतो आणि ती वाहिनी निकामी होते. अशा असंख्य वाहिन्या बंद पडल्यास मुळाशी थोडीफार ओल असूनही शेंड्याला पाणी मिळत नाही. फांद्या टोकाकडून वाळू लागतात आणि अखेरीस वृक्ष मरतो.

हे टाळण्यासाठी वृक्ष पर्णरंध्रे मिटून घेतो. परंतु त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत असल्याने अन्ननिर्मितीही थांबते. पाणी वाचवावे तर उपासमार आणि अन्न मिळवावे तर तहान, असा हा पेच आहे. दुष्काळ काही आठवड्यांचा असेल तर साठवलेल्या अन्नावर निभावते. तो काही वर्षे चालला, तर दोन्ही धोके एकत्र येतात.

काटकसरीच्या अनेक तऱ्हा

विंध्य पठारावरील वनांचा अभ्यास वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी अनेक दशके केला आहे. सोनभद्र आणि मिर्झापूर भागांतील हाथीनाला, राणीताली, कोटवा यांसारखी ठिकाणे त्यांच्या संशोधनामुळे शास्त्रीय साहित्यात परिचित झाली. सी. पी. कुशवाहा आणि के. पी. सिंह यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वनातील वृक्षांची विभागणी ते किती काळ निष्पर्ण राहतात यानुसार केली होती. जुनी पाने गळत असतानाच नवी पालवी धरणाऱ्या सालापासून ते कित्येक महिने पर्णहीन राहणाऱ्या वृक्षांपर्यंत ही श्रेणी पसरलेली आहे.

या फरकाला अर्थ आहे. सालई आणि कांडोळ यांचे लाकूड हलके असून त्यात पाणी साठू शकते. हे वृक्ष कोरडा काळ पानांविना काढतात आणि खोडातील ओल जपतात. धावडा आणि खैर यांचे लाकूड घट्ट व जड असते. त्यात पाणी फारसे साठत नाही, मात्र अशा लाकडातील वाहिन्या सामान्यतः अधिक ताण सहन करतात. पळस उन्हाळ्याच्या तोंडी फुलतो आणि पावसाची वाट न पाहता नवी पालवी धरतो. जमिनीच्या खोल थरात किंवा खोडात शिल्लक असलेल्या पाण्याशिवाय हे शक्य नाही. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका येथील शुष्क वनांत रॉल्फ बोर्शर्ट यांनी १९९४ साली असाच निष्कर्ष काढला होता. जमिनीत आणि खोडात किती पाणी साठलेले आहे, यावर वृक्षांचे पालवणे व फुलणे अवलंबून असते, असे त्यांना दिसून आले.

ऐनाच्या खोडातील पाण्याचा एक ठळक पुरावा मार्च २०२४ मध्ये लोकांसमोर आला. आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन अधिकाऱ्यांनी ऐनाच्या खोडावर छेद देताच पाण्याची धार उसळली. तेथील कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती.

खरा धोका न भरणाऱ्या साठ्याचा

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या वनांतील वृक्ष उन्हाळ्यासाठी सज्ज असतात. त्यांची सर्व व्यवस्था पुढच्या पावसाळ्यात साठा पुन्हा भरेल, या गृहीतावर उभी असते. एक पावसाळा चुकला तर मागील वर्षांची खोल ओल आधार देते. लागोपाठ दोन-तीन पावसाळे तुटीचे गेले, तर तो आधारही संपतो. देशात २०१४ मध्ये मान्सूनचा पाऊस सरासरीच्या ८८ टक्के आणि २०१५ मध्ये ८६ टक्के पडला. वनवृक्षांच्या दृष्टीने अशी लागोपाठची तूट एका तीव्र दुष्काळी वर्षाइतकीच, किंबहुना अधिक घातक ठरू शकते.

त्यात उष्णतेची भर पडते. हवा जितकी तापते तितकी ती पानांतून आणि मातीतून अधिक पाणी शोषते. त्यामुळे पाऊस तितकाच पडला तरी वाढत्या तापमानात वृक्षांची तूट वाढते. उत्तर भारतात मे-जूनमध्ये वाहणाऱ्या लू या उष्ण वाऱ्यांत ही ओढ कमालीची असते.

मृत्यू उशिरा येतो

दुष्काळाचा परिणाम त्याच वर्षी दिसतो असे नाही. तामिळनाडूतील मुदुमलाई येथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ पासून ५० हेक्टर वनक्षेत्रातील प्रत्येक झाडाची नोंद ठेवली आहे. तेथील १९ वर्षांच्या नोंदींवर आधारित आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या झाडांचा मृत्यू आणि कमी पाऊस यांचा संबंध दोन-तीन वर्षांच्या अंतराने आढळला. निकामी झालेल्या वाहिन्या, आटलेला अन्नसाठा आणि त्यानंतर लागणारी कीड व बुरशी यांमुळे वृक्ष हळूहळू खचतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात २००२-०३ च्या दुष्काळात पिन्यॉन जातीचे पाइन मोठ्या प्रमाणावर मेले, तर त्यांच्याच शेजारचे जुनिपर वृक्ष बहुतांशी टिकले. पिन्यॉन पर्णरंध्रे लवकर मिटतो, तर जुनिपर ती बराच काळ उघडी ठेवतो आणि त्याच्या वाहिन्या अधिक ताण सोसतात. दुर्बळ झालेल्या पिन्यॉनवर खोडकिड्यांनी अखेरचा घाव घातला.

ब्राझीलमधील कॅशिवाना येथील अॅमेझॉन वनात २००२ पासून एक हेक्टर क्षेत्रावर पडणाऱ्या पावसापैकी सुमारे निम्मा पाऊस पन्हळींद्वारे बाहेर वळविण्यात आला. वीस वर्षांहून अधिक काळात तेथील वनाने एक तृतीयांशाहून अधिक जैवभार गमावला. प्रामुख्याने उंच, मोठे वृक्ष मेले. त्यांचा मृत्यू मुख्यतः पाणीपुरवठा तुटल्याने होतो, उपासमारीने नव्हे, असा निष्कर्ष २०१५ साली काढण्यात आला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मागे उरलेल्या वृक्षांवरील ताण पुढे स्थिरावला, कारण उपलब्ध पाण्याचे वाटेकरी कमी झाले. वन टिकले खरे, पण ते पूर्वीचे वन राहिले नाही.

ही चिंता केवळ ओल्या वनांपुरती नाही. जगभरातील ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षजातींचा आढावा २०१२ साली घेण्यात आला. त्यांतील सुमारे ७० टक्के जाती वाहिन्या निकामी होण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगत असल्याचे त्यात आढळले. पाऊस भरपूर असो वा अल्प, बहुतेक वृक्ष आपल्या परिसरातील पाणी जवळजवळ पुरेपूर वापरतात. त्यांच्या हाती राखीव फारसे नसते.

खोडातील इतिहास

दुष्काळाची नोंद वृक्ष स्वतःच ठेवतो. सागाच्या खोडात दरवर्षी स्पष्ट वलय उमटते आणि कमी पावसाच्या वर्षी ते अरुंद असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील एच. पी. बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील सागाच्या वलयांवरून ५२३ वर्षांची मालिका तयार केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. कमी पावसाची वर्षे आणि प्रशांत महासागरातील एल निनो यांच्या खुणा त्यात आढळल्या. मात्र ही नोंद जगलेल्या वृक्षांची आहे. दुष्काळात मेलेले बहुसंख्य वृक्ष कुजून गेले आणि त्यांची वलये कोणी मोजली नाहीत.

वनव्यवस्थापनासाठी अर्थ

या ज्ञानाचा व्यवहारातील उपयोग मोठा आहे. दुष्काळानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसात वन हिरवे दिसले म्हणून संकट टळले असे मानता येत नाही. हानीची मोजणी पुढील किमान तीन वर्षे करावी लागते. नव्या रोपांची मुळे वरच्या थरातच असल्याने ती सर्वांत आधी जातात. म्हणून लागवडीचे यश लावलेल्या रोपांवरून नव्हे, तर काही उन्हाळे पार केलेल्या रोपांवरून ठरवायला हवे. एकाच जातीची लागवड केल्यास सर्व झाडांची पाणी वापरण्याची रीत एकच असते आणि संकटही सर्वांवर एकदम येते. पाणी साठविणारे, ताण सोसणारे आणि खोल मुळांचे असे विविध वृक्ष एकत्र असतील, तर काही निश्चित टिकतात. उतारावरील समपातळी चर, वणव्यापासून संरक्षण आणि मर्यादित चराई यांमुळे मातीतील ओल अधिक काळ राहते.

विंध्याच्या पठारावर असो वा विदर्भात, मोहाची फुले, टेंभुर्णीची पाने आणि चारोळी यांवर असंख्य आदिवासी व ग्रामीण कुटुंबांचा उन्हाळा अवलंबून असतो. पावसाळा चुकला तर शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा पेरणी करू शकतो. मोहाचा जुना वृक्ष गेला, तर त्याच्या जागी तितकाच बहरणारा वृक्ष उभा राहायला एक पिढी लागते.