नाक, कॅनरी आणि टिन ऑक्साइड : वायुसंवेदकाचा इतिहास (थ्रेड)

१/ ठाणे जिल्ह्यातील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना उग्र दर्प नवा नाही. २६ मे २०१६ रोजी येथील ‘प्रोबेस’ कारखान्यातील स्फोटात १२ जणांचा बळी गेला. २३ मे २०२४ रोजी याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला. तरीही हवेत काय मिसळले आहे, याचा पहिला निवाडा रहिवाशांचे नाकच करते.

२/ हा साक्षीदार भरवशाचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की घ्राणशक्ती बधिर होते. म्हणूनच ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी पक्षी नेत असत.

३/ पक्ष्याला पर्याय जपानमध्ये सापडला. घरगुती गॅसचे स्फोट टाळण्यासाठी नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये टिन ऑक्साइडच्या संवेदकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा असाच उपयोग दाखवला.

४/ तत्त्व सोपे आहे. तापलेल्या ऑक्साइडच्या कणांवर हवेतील ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. इलेक्ट्रॉन सुटतात, विद्युतरोध घटतो, घंटा वाजते.

५/ कण काही नॅनोमीटरइतके सूक्ष्म केले की ही संवेदनशीलता झपाट्याने वाढते, हे यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडले.

६/ मर्यादाही आहेत. एकटा संवेदक वायूचे नाव सांगत नाही. पावसाळी दमटपणा त्याला चकवतो. बंद पात्रात बिघडलेली अभिक्रिया त्याला बाहेरून कळत नाही. गळतीची वर्दी मात्र तो देऊ शकतो. ती ऐकून यंत्रे थांबवणे आणि वस्तीला वेळेत कळवणे, हे माणसांचेच काम उरते.