सी. रामचंद्र : पुरस्कार आणि लोकमान्यता

चितळकर, रामचंद्र नरहर : (१२ जानेवारी १९१८–५ जानेवारी १९८२). हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि पार्श्वगायक. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि चित्रपटसृष्टीतील माणसांत अण्णा या नावांनी परिचित. जन्म पुणतांबे (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर), मृत्यू मुंबई. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्या वाट्याला आलेल्या मानसन्मानांविषयी आहे. १९४७ ते १९६० या काळात हिंदी चित्रपटगीताला त्यांनी जे वळण दिले ते पाहता अधिकृत पुरस्कारांची त्यांची यादी फार तोकडी आहे. त्याची कारणे बरीचशी त्या त्या पुरस्कारांच्या इतिहासात सापडतात.

नागपूरची तालीम : वडील रेल्वेत नोकरीला असल्याने बालपणाचा काही काळ डोंगरगडला (सध्या छत्तीसगड) गेला. संगीताचे पहिले रीतसर शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. सप्रे हे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले शिक्षक. वसंतराव देशपांडे हेही त्यांचेच विद्यार्थी. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे रामचंद्रांचे शिक्षण झाले. त्यांच्या चरित्रात नागपूरचा उल्लेख सहसा एका ओळीत उरकला जातो, पण तो तसा उरकण्याजोगा नाही. पाश्चात्त्य ठेक्यांचा संगीतकार अशी ज्यांची ख्याती झाली, त्यांच्या भीमपलास, बागेश्री आणि पिलूमधल्या चालींची बैठक याच तालमीतून आली आहे. बागेश्रीचा मध्यम ते जसा खुला ठेवतात, तसा तो त्या रागाची घोटून तालीम झालेल्यालाच ठेवता येतो. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांपैकी वसंतरावांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. चित्रपटात गेलेल्या शिष्यासाठी त्या काळी तशी वाट नव्हती.

चित्रपटांत पदार्पण : नागानंद (१९३५) या चित्रपटात नायकाची भूमिका, नंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये हार्मोनियमवादक. संगीतकार म्हणून सुरुवात तमिळ चित्रपटांपासून. मास्टर भगवान यांच्या सुखी जीवन (१९४२) पासून हिंदीत.

नावांची विभागणी : मान्यतेचा विचार करताना एक अडचण आधी सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काही चित्रपटांवर त्यांचे नाव राम चितळकर असे आहे, काहींवर अण्णासाहेब, एकावर श्यामू आणि बाकी सर्वांवर सी. रामचंद्र. गायनाचे श्रेय चितळकर या नावाखाली. पतंगा (१९४९) मधील शमशाद बेगमसोबतचे रंगूनच्या टेलिफोनचे युगुलगीत किंवा आझाद (१९५५) मधील लता मंगेशकरांसोबतचे युगुलगीत ऐकणाऱ्या अनेकांना गायक आणि संगीतकार एकच आहे हे ठाऊक नसे. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरने स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तो १९५९ मध्ये. तोवर चितळकरांची उत्तम युगुलगीते होऊन गेली होती.

फिल्मफेअर : पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाला. त्या वेळी पुरस्कारांचे विभाग पाचच होते व त्यात संगीत हा एक होता. तो मान नौशाद यांना बैजू बावरासाठी मिळाला. पुढल्या वर्षी टॅक्सी ड्रायव्हरसाठी सचिनदेव बर्मन, त्यापुढे नागिनसाठी हेमंतकुमार, चोरी चोरीसाठी शंकर-जयकिशन, नया दौरसाठी ओ. पी. नय्यर. ज्या वर्षांत अनारकली (१९५३), आझाद, आशा (१९५७) आणि नवरंग (१९५९) पडद्यावर आले, त्या वर्षांच्या विजेत्यांत सी. रामचंद्र हे नाव कोठेही नाही. आझादला नामांकन होते. विजेत्यांपैकी एकही नाव कमी योग्यतेचे नाही आणि स्पर्धा खरोखरच तितकी अटीतटीची होती. तरीही अनारकली हातची जावी याचे वाईट वाटते. रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमालेच्या पुढे प्रसिद्ध झालेल्या वार्षिक यादीत १९५३ चे पहिल्या क्रमांकाचे गीत अनारकलीतलेच आहे. म्हणजे श्रोत्यांचा कौल स्पष्ट होता. (या चित्रपटाचे काम आरंभी वसंत प्रकाश यांच्याकडे होते. गीता रॉय यांनी गायलेले एक गीत त्यांचे आहे. ते सी. रामचंद्रांच्या खात्यावर मांडण्याची चूक अनेक सूचींत दिसते.)

आझादविषयी एक हकिकत सर्वत्र सांगितली जाते. निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांना गाणी अत्यंत कमी मुदतीत हवी होती. नौशादांनी त्या मुदतीत काम करण्यास नकार दिला आणि सी. रामचंद्रांनी ते पार पाडले. मुदत किती दिवसांची होती यावर कथनांत एकवाक्यता नाही. त्या घाईतही बागेश्रीतले राधेचे गीत जसे बांधले गेले आहे, त्यात उसना घेतलेला एकही स्वर ऐकू येत नाही.

राष्ट्रीय व शासकीय सन्मान : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत संगीत दिग्दर्शनाचा विभाग १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. तेव्हा सी. रामचंद्रांची हिंदीतली महत्त्वाची कारकीर्द मागे पडली होती. वसंत देसाई यांच्या बाबतीतही थोडेफार हेच झाले. मराठी संगीतकारांना हा पुरस्कार पुढे मिळत गेला : हृदयनाथ मंगेशकर (लेकिन, १९९०), अशोक पत्की (अंतर्नाद या कोकणी चित्रपटासाठी, २००६), अजय-अतुल (जोगवा, २००८). पद्म पुरस्कारांच्या यादीत सी. रामचंद्रांचे नाव नाही.

ऐ मेरे वतन के लोगों : अधिकृत पदकाच्या जागी ठेवता येईल अशी एकच गोष्ट त्यांच्या नावावर आहे, आणि ती कोणत्याही पदकाहून मोठी आहे. चीनच्या आक्रमणानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर चित्रपटसृष्टीने कार्यक्रम केला. त्यात कवी प्रदीप यांचे हे गीत लता मंगेशकर यांनी गायले. राष्ट्रपती राधाकृष्णन व पंतप्रधान नेहरू उपस्थित होते. नेहरूंचे डोळे पाणावले, ही आठवण लताबाईंनी पुढे अनेकदा सांगितली. हे गीत मुळात कोणी गायचे ठरले होते आणि बदल कसा झाला, याविषयी संबंधितांची कथने परस्परांशी जुळत नाहीत. सबब ती येथे दिलेली नाहीत.

या चालीची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. प्रारंभीच्या ओळी तालाविना, बोलल्यासारख्या येतात. वाद्ये जवळजवळ गप्प असतात. ठेका सुरू झाल्यावरही तो पावले मोजत चालावे इतकाच राहतो. लष्करी बँडचा दणदणाट सहज करता आला असता, पण संगीतकाराने तो टाळला. अंतऱ्यात सूर वर चढतात आणि प्रत्येक वेळी शब्द सोडून न देता खाली उतरतात. समूहाचा आवाज खरा उसळतो तो अगदी शेवटी, जयघोषात. शोकगीत आणि समरगीत यांच्यामधली ही जागा शोधणे हे सी. रामचंद्रांचे काम होते. गीताची कीर्ती सांगताना गायिका आणि कवी यांची नावे आधी येतात. त्या दोघांचाही दादासाहेब फाळके पुरस्काराने गौरव झाला : लताबाईंचा १९८९ चा, प्रदीप यांचा १९९७ चा.

प्रदीप यांनी या गीताचे मानधन युद्धात विधवा झालेल्यांच्या निधीला देऊ केले होते. त्याच्या थकबाकीपोटी दहा लाख रुपये भरण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ध्वनिमुद्रिका कंपनीला दिला. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीतील बीटिंग रिट्रीट समारंभातून ‘अबाइड विथ मी’ ही ख्रिस्ती प्रार्थना वगळण्यात आली आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची धून कार्यक्रमात घेतली गेली. ती प्रार्थना गांधीजींच्या आवडीची असल्याने निर्णयावर टीका झाली आणि समर्थनही झाले.  नोंदीपुरते एवढेच सांगता येते की, ज्या संगीतकाराला शासनाने हयातीत पद्म सन्मान दिला नाही, त्याची चाल त्याच्या निधनानंतर चाळीस वर्षांनी प्रजासत्ताक दिनाच्या सांगता-समारंभात सैन्यदलांच्या वाद्यवृंदाने वाजवली.

सहकाऱ्यांकडून मान्यता : अलबेला (१९५१) मध्ये त्यांनी गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाला केवळ ध्वनिमुद्रणात घेतले नाही, तर पडद्यावरही आणले. आशातील ‘ईना मीना डीका’मागे त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांचा हात होता, असे सांगितले जाते. गीतात कोकणी शब्द शिरले ते त्यामुळेच. वादकांचे श्रेय मान्य करणारा हा संगीतकार होता, म्हणून वादकांच्या आठवणींत त्याचे नाव प्रेमाने येते. अलबेलाने मास्टर भगवान यांना जे यश दिले त्यात संगीताचा वाटा निर्णायक होता. भगवान यांच्यावरील एक अलबेला (२०१६) या मराठी चित्रपटामुळे ती गाणी नव्या प्रेक्षकांपर्यंत पुन्हा पोचली.

मराठी काम : धनंजय (१९६६), घरकुल (१९७०), ग. दि. माडगूळकरांच्या गीतगोपालला चाली.

चित्रपटनिर्मिती : न्यू साई प्रॉडक्शन्स, झांझर (१९५३), लहरें (१९५३), दुनिया गोल है (१९५५).

आत्मचरित्र : माझ्या जीवनाची सरगम (१९७७). लता मंगेशकर यांच्याशी आलेल्या दुराव्याविषयी यातील व अन्यत्रच्या मजकुरावरून वाद झाले. दुराव्याचा व्यावसायिक परिणाम मात्र गाण्यांतच दिसतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रपटांत लताबाईंचा आवाज विरळ होतो आणि नवरंगमध्ये मुख्य स्त्रीस्वर आशा भोसले यांचा आहे. १९६३ च्या गीतासाठी दोघे पुन्हा एकत्र आले. नवरंगमधील आशाबाई आणि महेंद्र कपूर यांचे अर्ध्या चंद्राचे युगुलगीत आजही मैफलींत फर्माईश म्हणून मागितले जाते.