द्विमार्गी व बहुमार्गी ध्वनी : खानदेशच्या गेय परंपरेच्या दृष्टीने एक साधनचिकित्सा

१. विषयप्रवेश

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करून ज्यांनी अस्सल कागदाचा आग्रह महाराष्ट्रात रुजविला, त्या वि. का. राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे स्थापन झाले. अस्सल कोणते, नक्कल कोणती, मूळ पाठात मागाहून घुसडलेला क्षेपक कोणता, हे प्रश्न तेव्हापासून खानदेशातील अभ्यासकाच्या अंगवळणी पडले आहेत. परंतु ही कसोटी आपण कागदाला जितक्या काटेकोरपणे लावतो तितक्या काटेकोरपणे ध्वनिमुद्रणाला लावीत नाही. तबकडी किंवा फीत वाजली म्हणजे मूळ आवाजच ऐकला, असे आपण सहज मानून चालतो.

उत्तम प्रतीची ध्वनियंत्रे घरी बाळगणाऱ्या रसिकांत एक जुना वाद आहे. संगीत दोन लाउडस्पीकरांतून ऐकावे, की श्रोत्याच्या भोवती पाच, सात किंवा त्याहून अधिक लाउडस्पीकर मांडून ऐकावे? वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद आहे. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे. एखादा आवाज किती मार्गांनी टिपला गेला, यावर त्यातील कोणता पुरावा टिकला आणि कोणता कायमचा नाहीसा झाला हे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या मार्गसंख्येचा इतिहास थोडक्यात सांगून, जळगाव व धुळे या परिसरातील गेय परंपरेला तो कसा लागू पडतो, याचा विचार करावयाचा आहे. येथे ‘मार्ग’ म्हणजे मुद्रणापासून श्रवणापर्यंत स्वतंत्रपणे वाहून नेलेला एक ध्वनिप्रवाह, असा अर्थ घ्यावा.

२. ‘दोन’ ही संख्या कोठून आली?

माणसाला कान दोन आहेत, म्हणून लाउडस्पीकर दोन, असे समर्थन नेहमी केले जाते. ते अपुरे आहे. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो. कालाचा हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. या दोन फरकांवरून आपण दिशा ओळखतो, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. पण याच दोन कानांनी आपल्याला पाठीमागचा, डोक्यावरचा आणि सभोवारचा आवाजही कळतो. तेव्हा कान दोन आहेत एवढ्यावरून लाउडस्पीकरही दोनच पुरेत, हे सिद्ध होत नाही.

इतिहास पाहिला तर वेगळेच कारण दिसते. १८८१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहातील गाणे दूरध्वनीच्या दोन तारांवरून दोन कानांना स्वतंत्रपणे ऐकविले. पुढे इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटासाठी अर्ज केला. ३९४३२५ क्रमांकाच्या या पेटंटात एकाच खाचेत दोन मार्ग कोरण्याची युक्तीही वर्णिलेली आहे. याउलट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला तो तीन मार्गांनी. मोठ्या सभागृहात मध्यभागी तिसरा लाउडस्पीकर नसेल तर बाजूला बसलेल्या श्रोत्याला सारा आवाज जवळच्या लाउडस्पीकरातूनच आल्याचा भास होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

मग घराघरांत तीनऐवजी दोन मार्ग का रूढ झाले? याचे उत्तर तबकडीच्या खाचेत आहे. व्ही-आकाराच्या खाचेला भिंती दोनच असतात. १९५८ साली द्विमार्गी तबकड्यांचा सर्वत्र प्रसार झाला तो प्रत्येक भिंतीवर एक मार्ग कोरण्याच्या पद्धतीने. सुईची आडवी हालचाल म्हणजे दोन्ही मार्गांची बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे त्यांची वजाबाकी, अशी योजना असल्याने जुन्या एकमार्गी यंत्रांशीही तिचा मेळ बसला. तात्पर्य, ‘दोन’ ही संख्या ध्वनिशास्त्राने जितकी ठरविली तितकीच ती खाचेच्या आकाराने आणि बाजाराच्या सोयीने ठरविली.

३. बहुमार्गी ध्वनीचे दोन प्रवेश

बहुमार्गी ध्वनी घरात दोनदा आला. पहिल्यांदा, १९७० नंतरच्या काही वर्षांत, चार मार्गांच्या तबकड्या निघाल्या. परंतु निरनिराळ्या कंपन्यांच्या पद्धती परस्परांशी जुळत नव्हत्या. दोन भिंतींच्या खाचेत चार मार्ग कोंबताना काही पद्धतींत ते एकमेकांत मिसळत, आणि मागच्या लाउडस्पीकरांतून काय ऐकवावे याविषयी मुद्रण करणाऱ्यांतही एकमत नव्हते. हे दशक संपण्यापूर्वीच ती लाट ओसरली.

दुसरा प्रवेश चित्रपटाच्या वाटेने झाला. १९७५ सालचा ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला. चित्रपटगृहातील ही सवय पुढे घरात शिरली. १९९२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाच मार्गांची मांडणी निश्चित केली : एक समोर, दोन डाव्या-उजव्या अंगास तीस-तीस अंशांवर, दोन किंचित मागे शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान; शिवाय मंद्र ध्वनीसाठी एक वेगळा मार्ग. १९९६ नंतर डीव्हीडीबरोबर ही मांडणी दिवाणखान्यात पोचली. २०१२ पासून छतावरील लाउडस्पीकरांचीही भर पडली. तरीही संगीताचे बहुतेक श्रवण आज कानांत घातलेल्या दोन लहान यंत्रांतून होते. चक्र फिरून पुन्हा दोनावर आले आहे.

गुणदोषांचा हिशेब असा मांडता येईल. दोन लाउडस्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधला की समोर एक ध्वनिचित्र उभे राहते. मध्ये लाउडस्पीकर नसतानाही गायकाचा आवाज मधूनच येतो. ठरावीक पैशांत पाच सामान्य लाउडस्पीकरांपेक्षा दोन उत्तम लाउडस्पीकर स्वराचा पोत अधिक विश्वासाने देतात, हे द्विमार्गी पक्षाचे म्हणणे एकट्याने ऐकणाऱ्यापुरते बरोबर आहे. मात्र श्रोता त्रिकोणाच्या टोकावरून हलला की हे चित्र जवळच्या लाउडस्पीकराकडे कलते. दहा माणसे एका खोलीत बसली असता नऊ जणांना ते नीट दिसतच नाही. बहुमार्गी मांडणी हा दोष कमी करते, आणि सभागृहाचा घुमारा त्याच्या मूळ दिशांनी परत देते. मात्र त्यासाठी मुद्रणही तसे झालेले असले पाहिजे. खोलीचाही प्रश्न आहे. शहाबादी फरशी व सिमेंटचा स्लॅब असलेली आजची उघडीबोडकी खोली स्वतःचाच घुमारा प्रत्येक मार्गात मिसळते. धाब्याच्या जुन्या घरात धान्याची पोती, गोधड्या आणि उघडी दारे तो बराचसा गिळून टाकीत.

४. खानदेशचा श्रोता आणि एकमार्गी वारसा

खानदेशाच्या वाट्याला आलेला जुना ध्वनिवारसा जवळजवळ सगळा एकमार्गी आहे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बालपणाचा काही काळ जळगावात गेला आणि तेथे महेबूबखाँ यांच्याकडे त्यांनी संगीताचे प्राथमिक धडे घेतले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या एकमार्गी आहेत. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली मध्यमलहरींवर सुरू झाले. मध्यमलहरींचे तेथील प्रक्षेपणही एकमार्गीच. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटातून बहिणाबाई चौधरी यांच्या रचना महाराष्ट्रभर पोचल्या, त्याही एकाच मार्गाने.

एकमार्गी म्हणजे दरिद्री, असे समजण्याचे कारण नाही. एका मार्गात दिशा हरपते, पण अंतर उरते. गायक मायक्रोफोनच्या जवळ आहे की दूर, सारंगी त्याच्या मागे किती आहे, खोली मोठी आहे की लहान, हे लहानमोठेपणावरून आणि घुमाऱ्यावरून कळते. कर्ण्यात गाऊन केलेल्या आरंभीच्या मुद्रणात तर कोणाला कर्ण्यापुढे किती अंतरावर बसवावे, यावरच साऱ्या तोलाची भिस्त असे. तो तोल हाच त्या काळच्या मुद्रकाच्या निर्णयाचा पुरावा आहे.

५. जाते, घोळका आणि मिरवणूक

आता खानदेशच्या लोकगीतांकडे वळू. जात्यावरची ओवी कित्येकदा दोघी समोरासमोर बसून म्हणतात; एक चरण एकीचा, दुसरा दुसरीचा, आणि मध्ये जात्याची घरघर. बहिणाबाईंच्या (१८८०–१९५१) रचना सोपानदेव चौधरी व पितांबर चौधरी यांनी लिहून घेतल्या आणि १९५२ साली त्या पुस्तकरूपाने आल्या. कागदाने शब्द वाचविले. दोन आवाजांतील देवघेव कागदावर उतरत नाही. एकमार्गी फितीत ती उतरते, पण सारख्या पोताचे दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात, आणि कोणता चरण कोणी म्हटला हे ठरविणे कठीण होते. द्विमार्गी मुद्रणात मात्र ते पहिल्याच श्रवणात स्पष्ट होते. हेमा राईरकर व गी प्वाटव्हँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. अशा संग्रहात ओवी कोणाची, हा प्रश्न पाठाइतकाच महत्त्वाचा असतो.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या गुलाबाईच्या गाण्यांची रचना याहून निराळी आहे. मुलींचा घोळका घरोघर जातो, गाणी एकमेकींच्या तोंडून उचलली जातात आणि शेवटी खाऊ ओळखण्याचा गलका होतो. श्रावणात कानबाईच्या रात्री देवीपुढे बायकांची गाणी चालतात, आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक वाजत-गाजत निघते. येथे श्रोता असा वेगळा कोणी नसतो. जो आहे तो गाण्याच्या आत उभा असतो. समोर रंगमंच मानून केलेले द्विमार्गी मुद्रण या गाण्याला सभागृहातील कार्यक्रमाचे रूप देते. हे रूप मुळात नव्हते. मध्यभागी मायक्रोफोन ठेवून चारी दिशांनी केलेले बहुमार्गी मुद्रण मात्र घोळक्यातील मुलीच्या कानाशी अधिक प्रामाणिक राहील.

यावरून दिसते की दोन मार्ग श्रेष्ठ की अनेक, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मैफल आणि रंगभूमी यांत श्रोता समोर बसतो. तेथे दोन मार्ग स्वाभाविक. जात्यावरच्या दोघींना दोन मार्ग पुरतात. घोळक्याला व मिरवणुकीला ते अपुरे पडतात. गाणे म्हणणाऱ्यांची मांडणी कशी आहे, यावरून मार्गसंख्या ठरावी. यंत्राच्या किमतीवरून ठरू नये.

६. ध्वनीतील क्षेपक

खरा धोका मार्ग थोडे असण्यात नाही. नसलेले मार्ग मागाहून निर्माण करण्यात आहे. १९६० नंतरच्या काळात पाश्चात्त्य कंपन्यांनी जुनी एकमार्गी मुद्रणे कृत्रिमरीत्या द्विमार्गी करून विकली. उच्च स्वर एका बाजूस, मंद्र दुसऱ्या बाजूस आणि मध्ये किंचित विलंब, एवढाच तो उपाय होता. आपल्याकडे कॅसेटच्या काळात जुन्या चित्रपटगीतांवर नवा ठेका चढवून ‘झंकार’ आवृत्त्या निघाल्या. आज यंत्रबुद्धीच्या साहाय्याने एकाच मार्गातील गायक व वाद्ये वेगळी काढता येतात. बीटल्सचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले गीत जुन्या एकमार्गी कॅसेटवरील आवाज अशा रीतीने वेगळा काढून सिद्ध केले गेले.

ऐकण्याच्या आनंदासाठी कोणी असे करीत असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु पुरावा म्हणून ते मुद्रण क्षेपकयुक्त ठरते. डावीकडे ऐकू येणारी सारंगी मूळ बैठकीत डावीकडे होती, असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही. आणि सुधारलेली प्रत हाती येताच मूळ फीत टाकून दिली, तर नक्कल ठेवून अस्सल जाळल्यासारखेच होईल.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा लागतो. जुनी एकमार्गी तबकडी द्विमार्गी सुईने वाजवून दोन्ही भिंती स्वतंत्र नोंदवाव्यात, असा ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सल्ला आहे. दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. एकीवरील ओरखडा दुसरीवर नसतो. हे दोन मार्ग म्हणजे क्षेपक नव्हे. एकाच लेखाचे ते दोन ठसे आहेत, आणि पाठनिश्चितीला ते साहाय्यकच होतात.

७. उपसंहार

धुळे-जळगावच्या परिसरात घरोघरी, मंदिरांतून व संस्थांतून ज्या फिती व कॅसेटी पडून आहेत, त्यांचे चुंबकीय लेपन झिजत आहे आणि त्या वाजविणारी यंत्रे दुर्मिळ होत आहेत. त्यांच्या संग्रहाचे काम हाती घेणाऱ्याने पुढील पथ्ये पाळावीत, असे वरील विवेचनावरून वाटते. मूळ जितक्या मार्गांचे तितक्याच मार्गांची, कोणतीही सुधारणा न केलेली प्रत प्रथम करावी. एकमार्गी तबकडीच्या बाबतीत मात्र वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही भिंतींची. सुधारलेली प्रत काढल्यास ती वेगळी ठेवून तसे स्पष्ट नोंदवावे. नवीन मुद्रण करताना गाणाऱ्यांची मांडणी कागदावर रेखाटून मग मार्गसंख्या ठरवावी. आणि मायक्रोफोन किती, कोठे व कोणाकडे तोंड करून ठेवले होते, हे प्रत्येक नोंदीत लिहावे. जुन्या कागदाच्या नोंदीत तो कोणाच्या दप्तरातून व कोणत्या स्थितीत मिळाला हे आपण लिहितोच; आवाजाच्या नोंदीला याहून कमी काटेकोरपणा लावण्याचे कारण नाही.