शाळा सुटल्यानंतरचे तास : सीमाभागातील एक शतक



इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मुलांच्या संध्याकाळीलाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तथापि बिदर आणि गुलबर्गा या आपल्या जिल्ह्यांत शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या दोन-तीन तासांवर गेल्या शतकभर राज्यसत्तेची, भाषेची आणि परीक्षांची छाया पडत आली आहे.

निजामी राजवटीत माध्यमिक शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले. गुलबर्ग्यात १९०७ पासून नूतन विद्यालयासारखी खाजगी शाळा उभी होती. पण खेड्यापाड्यांतील मुलांना तिचा लाभ कोठून मिळणार? त्यामुळे जे शाळेत मिळत नसे ते घरी शिकावे लागे. वडीलधाऱ्यांपाशी बसून मोडी गिरवणे, पाढे म्हणणे, देवळातील भजनाला जाणे, हाच त्या काळचा 'शाळेबाहेरचा अभ्यासक्रम' होता. हुमनाबादच्या परिसरात माणिकप्रभूंच्या परंपरेतील संगीत मुलांच्या कानांवर पडत असे. सभा-संमेलनांना आधी सरकारी परवानगी घ्यावी लागे, अशा त्या काळात मुलांची संध्याकाळ ही भाषा टिकवण्याची एक निवांत जागा होती.

या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. ही संध्याकाळ प्रामुख्याने लिहित्या-वाचत्या घरांतील मुलग्यांची होती. मुली पाणी भरण्यात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गुंतलेल्या असत. शेतमजुरांची मुले गुरांमागे असत. मोकळा वेळ हीदेखील एक मालमत्ता असते आणि तिची वाटणी कधीच समान झालेली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, तर बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. येथील मराठी मुलाच्या वाट्याला आता घरची मराठी, राज्याची कन्नड, शिवाय हिंदी आणि इंग्रजी, अशा चार भाषा आल्या. बहुभाषिकता हे आपल्या भागाचे वैभव आहे, यात शंका नाही. परंतु चौघींचा अभ्यास एकाच बालकाच्या एकाच संध्याकाळीत बसवायचा म्हणजे कोणाला तरी मागे सरावे लागते. आणि बहुधा मागे सरते ती परीक्षेत गुण न देणारी भाषा.

पुढचा बदल परीक्षांनी घडवला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर नवोदय विद्यालये निघाली आणि पाचवीतल्या मुलालाही प्रवेशपरीक्षेची तयारी करावी लागली. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामायिक प्रवेशपरीक्षा आली, आणि पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' आली. शेजारी 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाला. ज्या उदगीर-निलंग्यापासून १९५६ च्या रेषेने आपल्याला तोडले, ते तालुके आज लातूर जिल्ह्यात आहेत. आणि तीच रेषा ओलांडून आपली मुले आता शिकवणीसाठी लातूर गाठतात. कोठे आई मुलासोबत भाड्याच्या खोलीत राहते आणि वडील गावी शेती सांभाळतात. शिकवणीची फी भरण्यासाठी काढलेले कर्ज मुलाला कोणी सांगत नाही. पण ते त्याला ठाऊक असते. त्या ओझ्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही. या शिकवण्यांमुळे शेतकऱ्यांच्या घरांत डॉक्टर झाले, हेही तितकेच खरे. म्हणून पालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. ते हौसेने नव्हे, धास्तीने धावत आहेत.

या प्रश्नाची जाण देशाला नव्हती असे नाही. आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी कळकळीने भाषण केले. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. बालकाला विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांनी प्रवेश देऊ नये, असे केंद्र सरकारने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले. कागद पुष्कळ झाले. संध्याकाळ काही परत आली नाही.

पूर्वीही मुलांचे हे तास रिकामे नव्हते, हे इतिहासावरून दिसते. पूर्वीच्या भरलेल्या संध्याकाळीत आजोबा होते, शेजार होता, भाषा होती. आजच्या संध्याकाळीत स्पर्धक आहेत. शाळेने ठरवले तर आठवड्यातील दोन संध्याकाळी गृहपाठाविना मोकळ्या ठेवता येतील, वाचनालय तासभर उघडे ठेवता येईल, आणि मैदान मुलींसाठीही तितकेच खुले करता येईल. पालकांनी तेवढ्या दोन संध्याकाळी शिकवणीला नकार द्यावा. शंभर वर्षांपूर्वी ज्या घरांनी परक्या माध्यमाच्या काळात आपली भाषा जपली, त्यांच्या वारसांना एवढे अवघड जाऊ नये.