डेटाबेसचे समांतर वाचन

मोठ्या डेटाबेसमधील एकाच टेबलातील ओळी अनेक संगणकांनी एकाच वेळी वाचण्याच्या पद्धतीला समांतर वाचन म्हणतात. त्यासाठी 'अपाची स्पार्क' ही प्रणाली बरीच वापरली जाते. मात्र वीस संगणक जोडले म्हणून काम आपोआप वीसपट वेगाने होत नाही. वाटणी कशी करायची हे सांगितले नाही, तर स्पार्क डेटाबेसशी एकच जोडणी उघडते आणि सगळे टेबल एकच संगणक वाचत बसतो.

वाटणीसाठी चार गोष्टी द्याव्या लागतात: अंक किंवा तारीख असलेला एक स्तंभ, खालची मर्यादा, वरची मर्यादा आणि भागांची संख्या. ग्राहक क्रमांक १ ते १० लाख आणि भाग १० असे दिले, तर प्रत्येक भागाला साधारण एक लाख क्रमांकांची स्वतंत्र क्वेरी मिळते.

नवखे हमखास फसतात ते इथे. या मर्यादा ओळी गाळत नाहीत, त्या फक्त भागांची रुंदी ठरवतात. क्रमांक प्रत्यक्षात ५० लाखांपर्यंत असतील, तर उरलेले सगळे शेवटच्या भागात जातात. मग नऊ भाग लाख-लाख ओळी वाचून मोकळे होतात आणि दहावा ४१ लाख ओळी ओढत राहतो. संपूर्ण काम त्याच्यासाठी खोळंबते.

निवडलेल्या स्तंभावर इंडेक्स नसेल, तर दहाही क्वेरी बहुधा पूर्ण टेबल चाळतात. म्हणजे डेटाबेसवरचा भार उलट दहापट. भाग वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एकूण जोडण्यांची मूळ मर्यादा साधारणपणे १०० असते, आणि त्यातच नेहमीच्या वापरकर्त्यांनाही जागा लागते.

सर्वांत गंभीर चूक मात्र सहसा दिसतच नाही. प्रत्येक भाग वेगळ्या व्यवहारात, थोड्या वेगळ्या क्षणी वाचला जातो. पहिल्या भागातील खात्याची शिल्लक वाचून झाली आणि लगेच त्यातून ५,००० रुपये शेवटच्या भागातील खात्यात गेले, तर ती रक्कम बेरजेत दोनदा येते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये एका जोडणीचा 'स्नॅपशॉट' इतर जोडण्यांना देण्याची सोय आहे आणि त्याचे बॅकअप साधन 'पीजी डंप' समांतर काम करताना तीच वापरते. स्पार्क हे स्वतःहून करत नाही. त्यामुळे हिशेबाची टेबले शक्यतो व्यवहार थांबलेले असताना किंवा बदल थांबवून ठेवलेल्या प्रतीवरून वाचली जातात.